थळ घाटातील बँकर

दोन बेटांवरील विमानतळांमधील अंतर विमानाच्या वेगाने भागून वाऱ्याची अनुकूलता-प्रतिकूलता तेवढी हिशेबात धरली, की प्रवासाचा काळ बहुतांशी निश्चित होतो. कारण वाटेत आडवे येईल असे काही नसते. शहापूर तालुक्याच्या ईशान्य टोकास, कसाऱ्याहून थळ घाटातून इगतपुरीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मात्र हा सरळ हिशेब चालत नाही. येथे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. पण तेवढ्यात गाडीला सुमारे तीनशे मीटर उंची गाठावयाची असते, आणि सपाटीवर पाव तासात सहज सरणाऱ्या या वाटेस साधारण अर्धा तास लागतो.

सह्याद्रीची ही भिंत ओलांडण्याचा खटाटोप जुनाच आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून चढणारा नाणेघाट सातवाहनकाळी व्यापारी तांड्यांनी गजबजलेला असे; माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख असून, वर ठेवलेला दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरेने सांगितले जाते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली थळ घाटाचे काम हाती घेतले, आणि 1865 साली गाडी इगतपुरीस पोहोचली. 1862 सालीच निवर्तलेल्या बर्कलीस मात्र तो दिवस पाहावयास मिळाला नाही.

घाटाची चढण 37 फुटांस 1 फूट, म्हणजे रुंदमापी मार्गांवरील अत्यंत तीव्र चढणींपैकी एक. म्हणूनच कसाऱ्यास मुंबईहून आलेली गाडी सहसा थांबते, मागून येणारी इंजिने शेवटच्या डब्याला सावकाश टेकतात, जोडणी होते, आणि पुढील-मागील चालकांचा संकेत जुळला की गाडी हलते. या मागील इंजिनांना रेल्वेची माणसे बँकर म्हणतात. सर्व इंजिने पुढेच लावली असती, तर गाडीचा संपूर्ण भार पुढच्या जोडण्यांवर पडला असता. मागून रेटा मिळाल्याने तो विभागला जातो, आणि दुर्दैवाने मध्येच जोडणी तुटली तर सुटलेले डबे उताराला लागू नयेत अशी तजवीजही आपोआप होते. इगतपुरीस बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली उतरतात.

उतरणीचा बंदोबस्त याहून कडक. ब्रेकची तपासणी झाल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, हा दस्तूर. शिवाय वाटेत कॅच सायडिंग ठेवलेल्या असतात, ज्यायोगे आवरेनाशी झालेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढावर नेऊन थांबवता यावी.

वेळापत्रकात कसारा आणि इगतपुरी या दोन नावांमधील मिनिटे वाचणाऱ्यास गाडी रेंगाळते असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या मिनिटांत थोडी जोडणी आहे, थोडी तपासणी आहे आणि बाकी सारी चढण आहे. विजेची इंजिने येऊन वाफेचा धूर गेला, तरी डोंगराची उंची कोणत्याही यंत्राने कमी केलेली नाही, आणि त्या उंचीचा मोबदला प्रत्येक गाडीस काळाच्या रूपाने चुकवावाच लागतो.