फेब्रुवारीचे तीनशे रुपये

पगाराची स्लिप कुणी निरखून बघत नाही. हातात किती पडले तेवढं पाहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. पण फेब्रुवारीत जरा थांबून बघा. एरवी ‘पी.टी.’च्या, म्हणजे व्यवसाय कराच्या, रकान्यात दोनशे रुपये असतात, त्या महिन्यात तीनशे. अकरा महिन्यांचे दोनशे आणि एका महिन्याचे तीनशे, मिळून वर्षाचे २,५०० रुपये. व्यवसाय कर याहून जास्त घ्यायला राज्यघटनेच्या २७६व्या कलमाचा मज्जाव आहे. ही मर्यादा पूर्वी २५० होती. १९८८च्या घटनादुरुस्तीने ती दहापट केली, आणि तेव्हापासून ती हललेली नाही. धंदा-नोकरी करणाऱ्यावर किती भार टाकायचा, याची वेस घटनेनेच आखून दिली आहे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते आणि हमीची कल्पना त्यांची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी लहान प्रमाणात करून पाहिली होती. मग १९७२चा दुष्काळ आला. मिलो (रेशनची लाल ज्वारी), सुकडी (कामावर वाटला जाणारा खाऊ) आणि फोडायची खडी हे तीन शब्द त्या पिढीच्या तोंडून आजही एका दमात येतात. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. गावात काम नसेल तर गाव उठून मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येणार, हे शहराला तेव्हा डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून पगारदार माणसाने हा कर मुकाट्याने सोसला, असं मला वाटतं. निव्वळ दयाबुद्धीने नव्हे.

हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया! रक्कम हसण्यासारखी, पण सरकार मजुराचं देणं लागतं हे कायद्यात पहिल्यांदा उतरलं. देशभरासाठी तसा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

या पैशातून झालं काय? पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. काही टिकले, काही पहिल्या पावसात वाहून गेले. खरी कलाटणी १९९०च्या सुमारास मिळाली, फळबाग लागवड हमीला जोडली तेव्हा. खड्डा खणण्याची मजुरी आणि कलमांचा खर्च सरकारचा, जमीन शेतकऱ्याची. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब, मराठवाड्यात मोसंबी. काल जो खर्च कल्याणाच्या खात्यात मांडला होता, त्याचीच फळं पुढे पेट्यांत भरून बाजाराला आणि परदेशी निघाली. कल्याण की स्पर्धा, असा वाद घालणाऱ्यांनी एकदा सांगोल्याची डाळिंबं बघून यावीत.

पण योजना जिथे अडते ती जागा वेगळीच आहे. कर वसूल करायला कुणाला अर्ज करावा लागत नाही. तो पगारातून आपोआप कापला जातो. काम मिळवायला मात्र नमुना ४ भरायचा, आणि त्याची तारखेसह पोच घ्यायची. पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? ग्रामसेवक जागेवर नाही, अर्ज ‘ठेवून जा’, मस्टर निघालेलं नाही, मोजमाप व्हायचंय, मजुरी पुढच्या महिन्यात. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण काही उगीच रुळली नाही. बनावट नावांच्या हजेरीपटांनी ती पोसली. पुढे मजुरी बँकेत आणि पोस्टात जमा होऊ लागली तेव्हा मुकादमाच्या हातातली नोटांची गड्डी गेली; उशीर मात्र गेला नाही. हातावर पोट असलेल्या बाईला महिनाभराने मिळणारी मजुरी परवडत नाही. ती कमी पैशात का होईना, संध्याकाळी रोख देणाऱ्याच्या शेतावर जाते. मग कागदावर दिसतं, की मागणीच नाही.

२०२३पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. बाकीच्यांच्या फेब्रुवारीच्या स्लिपवर ते तीनशे वेळच्या वेळी हजर असतात, एक दिवसही उशीर न होता.