नदीकांठचे हिंवाळी पाहुणे

दिवाळी सरून पहाटे धुकें पडूं लागलें, कीं आपल्या नद्यांच्या कांठीं दूरदेशचे पक्षी उतरूं लागतात. हे पक्षी थंडीला भिऊन इकडे येतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. अंगावर पिसांचें पांघरूण असतां पक्ष्यास थंडी फारशी बाधत नाहीं. बाधते ती उपासमार. उत्तरेकडील सरोवरें गोठलीं, गवत बर्फाखालीं गेलें व दिवस आंखूड झाले, म्हणजे अन्न शोधण्यास जागा उरत नाहीं व वेळही उरत नाहीं. मग ते दक्षिणेची वाट धरितात. सारांश, ते आपणांकडे जेवावयास येतात. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून नदीकांठीं हिंडलें, तर दृष्टीस पडेल त्याचा अर्थ आपोआप लागूं लागतो.

उदाहरणादाखल नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वर हें स्थळ घेऊं. येथें गोदावरी व कादवा यांचा संगम असून गोदावरीवर बंधारा आहे. पाणी अडल्यामुळें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला आणि उथळ पाणी, चिखल, बेटें व पाणवनस्पती यांचा विस्तार झाला. १९८६ सालीं हें अभयारण्य झालें. पाणथळ जागांच्या रक्षणार्थ १९७१ सालीं इराणांतील रामसर या गांवीं आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादींत या स्थळाचा समावेश झाल्याचें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें. महाराष्ट्रांतून त्या यादींत गेलेलें हें पहिलेंच स्थळ होय.

अशा कांठावर पक्ष्यांची जणूं पंगतच बसलेली असते. ज्याची चोंच व पाय जसे, तसें त्याचें पान मांडलेलें. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस शेतांच्या कडेस गवत व कोंवळें पीक खातात. कोरड्या कांठावर धोबी पक्षी शेपटी हालवीत किडे टिपतो. पाण्याच्या अगदीं कडेस, ओल्या चिखलांत, तुतवार लगबगीनें चोंच मारीत असतो. त्यापुढें उथळ पाण्यांत तांबड्या काडीसारख्या पायांचा शेकाट्या उभा. त्याच्या शेजारीं चमचा पक्षी आपली पसरट चोंच अर्धवट उघडी ठेवून डावीउजवीकडे पाणी ढवळीत चालतो. थापट्या बदकाच्या रुंद चोंचीच्या कडांस फणीसारखे दांते असतात. त्यांतून पाणी बाहेर जातें व बारीक जीव आणि बीं आंत राहतें. तलवार बदक शेपटी वर करून आपली लांब मान तळापर्यंत पोंचवितें. खोल पाण्यावर कवड्या खंड्या हवेंत एके जागीं फडफडतो व माशावर सूर मारितो. यांपैकीं चमचा, शेकाट्या व खंड्या हे आपल्याच देशांत घरटीं बांधणारे, बाकीचे पाहुणे. कोणी कोणाच्या पानांतलें घेत नाहीं, म्हणूनच एका पाण्यावर इतकीं तोंडें जगतात. मात्र पाणी वीतभर चढलें, तरी कडेचा चिखल बुडतो आणि तुतवाराचें पान उचललें जातें!

या जेवणाचें महत्त्व परतीच्या प्रवासांत कळतें. राजहंस तिबेट, मंगोलिया व लडाख येथें अंडीं घालतात. तेथें जावयास बहुतेकांस हिमालय ओलांडावा लागतो. उडतांना ते ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर गेल्याची नोंद झाली आहे. विरळ हवेंतूनही पुरेसा प्राणवायु धरून ठेवील असें त्यांचें रक्त आहे. परंतु पंख हालविण्यास शक्ति हवी, आणि ती येते अंगांत सांठविलेल्या चरबींतून. ही शिदोरी येथेंच बांधावयाची असते. कोणी धांवत, ओरडत आला कीं सारा थवा उडतो. चरण्याचा वेळ जातो आणि सांठविलेली चरबीही खर्चीं पडते. दिवसांतून दहादां असें घडलें, तर शिदोरी पुरी व्हावी कशी?

म्हणून नदीकांठीं शांतपणें वागणें हा केवळ शिष्टाचार नव्हे. ती पक्ष्यांच्या अन्नाचीच राखण आहे. सकाळीं सूर्य पाठीशीं ठेवून चालावें. भडक कपडे घालूं नयेत. कुत्रें बरोबर नेऊं नये. राजहंसांनीं चरणें सोडून माना उभ्या केल्या, म्हणजे आपण फार जवळ आलों असें समजावें व हळूच मागें सरावें. हिंवाळा सरतां सरतां नदीसुरय उघड्या वाळूवरच अंडीं घालूं लागतो. तेव्हां वाळूच्या बेटांवर पाऊलही टाकूं नये.

पालकांनीं एखाद्या रविवारीं मुलांस आपल्याच गांवच्या नदीवर न्यावें. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास डोळे व एक वही पुरे. वहींत तारीख, पाणी कोठवर होतें, व कोणता पक्षी कोणत्या पानावर बसला होता, एवढेंच लिहावें. पुढील वर्षीं त्याच आठवड्यांत पुन्हां जाऊन तें पान उघडावें. कोण आलें, कोण आलें नाहीं, हें कळेल, आणि कां आलें नाहीं याचें उत्तर बहुधा नदीच्या कांठावरच सांपडेल.