त्सोलफेराइन : खाण थांबली, उपसा थांबेना

जर्मनीच्या पश्चिमेकडील रुर प्रदेशात, एसेन शहराच्या उत्तर भागात असलेली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण २३ डिसेंबर १९८६ रोजी, ऐन नाताळाच्या तोंडावर बंद झाली आणि तिच्याबरोबर एसेनमधील खाणकामही संपुष्टात आले, कारण त्या शहरात चालू राहिलेली ती अखेरची खाण होती. २००१ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले, आणि तेव्हापासून ‘जगातील सर्वांत देखणी कोळसाखाण’ अशी तिची ओळख करून देण्याचा प्रघात पडला आहे. हे विशेषण खोटे नाही. मात्र ज्या भागाच्या देखणेपणामुळे ते मिळाले, त्या भागाशी खाणीत उतरणाऱ्या कामगाराचा संबंध फारच थोडा होता, ही गोष्ट माहितीपत्रके ओझरतीच सांगतात.

पूर्वेतिहास थोडक्यात असा. फ्रान्झ हानियल या उद्योगपतीने लोखंडाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या कोकसाठी १८४७ साली ही खाण काढली आणि १८३४ मध्ये अस्तित्वात आलेल्या जर्मन जकात संघाचे नाव तिला दिले. कोक म्हणजे हवा लागू न देता तापवून, त्यातील वायू आणि डांबर काढून टाकलेला कोळसा. पोलादाच्या धंद्यात कच्च्या कोळशापेक्षा त्याचीच गरज अधिक असते. पुढील ऐंशी वर्षांत एकामागून एक शाफ्ट, म्हणजे जमिनीत सरळ खाली नेलेले उभे कूप, खणले गेले आणि १९२६ नंतर खाण एका अवाढव्य पोलाद समूहाच्या हाती असताना सगळा कोळसा एकाच तोंडाने वर काढण्याचा निर्णय झाला. १९३२ साली सुरू झालेला बारावा शाफ्ट तो हाच.

फ्रित्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुकारद्वयाने या शाफ्टभोवतीचे संकुल पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेल्या तांबड्या विटा एवढ्याच सामग्रीत उभारले. कोणत्याही इमारतीवर नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. सरळ रेषा आणि काटेकोर प्रमाणबद्धता यांवरच सारा भर आहे, आणि प्रवेशद्वारातून पाहणाऱ्याची नजर पंचावन्न मीटर उंचीच्या दुपाखी मनोऱ्यावर जाऊन ठरते. या मनोऱ्यावरील चाकांवरून गेलेल्या पोलादी दोरांनी दिवसाला सुमारे १२,००० टन कोळसा वर येत असे, आणि हे प्रमाण त्या काळच्या सर्वसाधारण खाणीच्या चौपट होते. पण हा शाफ्ट केवळ कोळशाचा होता. माणसे खाली जात ती जुन्या शाफ्टांतून, जिथे ना प्रमाणबद्ध अंगण होते, ना छायाचित्रे काढण्याजोगा दर्शनी भाग.

त्या जुन्या शाफ्टांपैकी एकाजवळचे स्नानगृह मात्र टिकले आहे, आणि संपूर्ण परिसरात कामगाराच्या अंगाजवळची अशी एखादी वास्तू असेल तर ती हीच. रुरच्या खाणींतील या स्नानगृहांचे दोन भाग असत : एक ‘पांढरा’, म्हणजे घरच्या कपड्यांचा, आणि दुसरा ‘काळा’, म्हणजे खाणीतल्या कपड्यांचा. कपाटांची सोय नसे. प्रत्येकाच्या वाट्याला एक साखळी आणि तिच्या टोकाला आकडे येत. पाळी सुरू होण्यापूर्वी कामगार घरचे कपडे आकड्यांना अडकवी, साखळी ओढून ते गाठोडे थेट छतापर्यंत चढवी, साखळीला कुलूप लावी आणि उघड्या अंगाने पलीकडे जाऊन आपले काळे कपडे खाली उतरवून घेई. ऊब वर जात असल्यामुळे घामाने भिजलेले कपडे दुसऱ्या पाळीपर्यंत छताशीच वाळत, आणि खाली मोकळी राहिलेली जागा धुऊन काढणेही सोपे पडे. पाळी संपली की दोन्हींच्या मधल्या न्हाणीत शेकडो माणसे एकाच वेळी अंग धूत. पाठीवरची काजळी स्वतःच्या हाताने निघत नसल्याने प्रत्येक जण शेजाऱ्याची पाठ घासून देई, आणि त्यात पोलंडकडून आलेल्याचा मुलगा, मागाहून आलेला तुर्की कामगार, जुना आणि नवखा असा भेद चालण्यासारखा नव्हता. आज तेथे नृत्य आणि नाट्यप्रयोगांचे केंद्र आहे. भिंतीच्या फरशांतील साबणाचे कोनाडे तसेच ठेवण्याची बुद्धी नूतनीकरण करणाऱ्यांना झाली, हे सुदैवच म्हणावे लागेल.

सर्वत्र असे घडलेले नाही. बॉयलरघरात नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्यानुसार १९९७ साली आधुनिक वस्तुरचनेचे संग्रहालय झाले, आणि कोळसा धुण्याच्या इमारतीत रुर प्रदेशाचे संग्रहालय २०१० साली उघडले. या दुसऱ्या इमारतीतील जिना निखाऱ्यासारख्या नारिंगी उजेडात न्हाऊन निघतो. परिणाम प्रभावी आहे खरा. पण या इमारतीत निखारा कधी नव्हताच. येथे काम होते ते पाण्याचे : हिंदकळत्या पाण्यात जड दगड तळाशी जाई, हलका कोळसा वर राही, आणि दोन्ही वेगळे होत. जवळच्या कोकभट्ट्यांत खरी आग होती. तीनशे चार भट्ट्यांचा तो कारखाना १९६१ ते १९९३ असा चालला, बंद पडल्यावर तो चीनला विकण्याचा बेत फसला, आणि पाडकामाच्या तोंडातून सुटून तो आता हिवाळ्यात लोकांना बर्फावर घसरण्याची हौस पुरवतो.

खाण बंद पडली ती कोळसा संपला म्हणून नव्हे. हजार मीटर खोलीवरून काढलेला कोळसा समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी कोळशापुढे आणि खनिज तेलापुढे महाग पडू लागला. १९५८ पासून सुरू झालेल्या या पडझडीचा शेवट शेजारच्या बॉट्रोप येथील प्रोस्पर-हानियल ही जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद होऊन झाला. कोळशाचा हिशेब तेथे मिटला, जमिनीचा मिटलेला नाही. खालचे थर काढून घेतल्यामुळे रुर प्रदेशातील भूभाग काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचला आहे, आणि उपसा थांबल्यास त्या सखल भागांची तळी होतील. खाणीतले पाणी वरच्या भूजलापर्यंत चढू नये म्हणून ते वेगळे उपसावे लागते. त्सोलफेराइनच्या शाफ्टांतूनही खाण बंद झाल्यानंतर कित्येक वर्षे ते उपसले जात होते. हा खर्च कधीच संपणार नसल्यामुळे त्यासाठी २००७ साली स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. त्याचे कार्यालय याच परिसरात आहे, पण त्याच्या दारात पर्यटकांची रांग लागत नाही. याच प्रदेशातील एम्शर नदीची कथाही या खचण्याशी जोडलेली आहे : जमीन हलत असेतो भूमिगत गटारे टिकत नसल्याने साऱ्या प्रदेशाचे सांडपाणी शंभराहून अधिक वर्षे उघड्या नदीतून वाहत राहिले, आणि नदी त्यातून मुक्त झाली ती २०२१ अखेरीस.

एसेनच्या मुख्य स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम थेट खाणीच्या दाराशी येते. मनोऱ्याचे छायाचित्र काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी मार्गदर्शकासह निघणारी फेरी घेणे अधिक श्रेयस्कर, कारण यंत्रांच्या क्रमाने कोळशाची वाट चालून दाखवणाऱ्यांत माजी खाणकामगारही असतात. प्रत्यक्ष भूगर्भात मात्र कोणालाच नेले जात नाही. फेरीनंतर वेळ उरल्यास काटर्नबर्ग वस्तीतील कामगारांच्या चाळवजा घरांकडे वळावे. प्रत्येक घरामागे भाजीपुरती बाग राखलेली दिसते. बागेबरोबरच शर्यतीची कबुतरे पाळणे हाही रुरच्या खाणकामगारांचा आवडता छंद, आणि घोडे पाळणे ज्यांना परवडत नसे त्यांची ही घोडदौड, असे तिकडे गमतीने म्हटले जाते.