फाटकाचे दहा फूट

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवे अजून चालू आहेत. आई तयार होऊन फाटकाच्या आतल्या पायरीवर बसली आहे. डाव्या हाताला डायलिसिससाठी केलेला फिस्टुला, म्हणून त्या हातावर भार द्यायचा नाही. काठी उजव्या हातात. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात फाइल आणि शाल. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास डायलिसिस. आजही सातला मशीनवर घेणार आहेत.

आणि फाटकासमोर एक राखाडी गाडी उभी आहे, अगदी भिंतीला चिकटून. फाटकाचा खांब आणि गाडी यांच्यात वीतभर फट. मी अंग चोरून कसाबसा बाहेर पडतो. काठी टेकत चालणारी आई नाही बाहेर पडू शकणार.

काचेवर फोन नंबर नाही. रिक्षावाले दादा उतरून वाकून बघतात. पेपर टाकणारा मुलगा सायकल न थांबवता समोरच्या दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतो. "रात्री पाहुणे आलेत त्यांच्याकडे."

समोरचे काका! पोटात कळ उठावी तसा राग उठतो. गेल्याच महिन्यात आमची फाटकाशेजारच्या जागेवरून खडाजंगी झाली होती. वाडा पाडून आमची इमारत झाली तेव्हा घरं झाली चौदा आणि खाली गाड्यांना जागा आठ. ही खालची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक, असं सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात 31 ऑगस्ट 2010 ला सांगितलं. त्यामुळे आम्ही उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो. यंदा माझी चिठ्ठी निघाली नाही. गाडी रस्त्यावर आली, आणि मी फाटकाशेजारी तेलाचा डबा आणून ठेवला, सिमेंटने भरलेला, मधोमध पाइप रोवलेला. काकांनी विचारलं होतं, "रस्ता काय तुझ्या नावावर आहे?" मी उत्तर दिलं नाही आणि डबाही हलवला नाही.

आता त्यांच्या गॅलरीखाली उभा राहून मी ओरडतोय. "काका, गाडी काढा आधी! आईला डायलिसिसला न्यायचंय!"

दोन-तीन खिडक्या उघडतात. काका गॅलरीतून खाली बघतात, एकही शब्द न बोलता आत जातात. मिनिटभरात ते बनियनवरच खाली येतात. मागे डोळे चोळत जावई, हातात किल्ली.

"रात्री साडेबाराला आले नाशिकहून," काका म्हणतात. "सगळी गल्ली भरलेली. फाटकाशेजारी गाडी आरामात मावली असती. तुझा डबा होता, म्हणून पुढे घेतली."

मी वळून बघतो. डबा जागच्या जागी आहे आणि त्याच्यामागे बारा-तेरा फूट रस्ता रिकामा. माझी गाडी कालपासून गॅरेजमध्ये आहे.

कोणाच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावू नये हा वाहतुकीचा नियम आहे. तो मला पाठ आहे, आत्ता ओठांवरही आला आहे. पण त्या रिकाम्या जागेकडे बघून तो तिथेच थांबतो. फाटकाची वाट आमच्या हक्काची, हे खरं. शेजारचा रस्ता महापालिकेचा, जो आधी येईल त्याचा, हेही तितकंच खरं. जे माझं नव्हतं ते मी अडवून ठेवलं आणि त्यापायी आईची वाट बंद झाली.

जावई गाडी मागे घेतात. "मला खरंच माहीत नव्हतं हो," ते काच खाली करून म्हणतात. रिक्षा फाटकाशी लागते. आई उठते तसे काका पुढे होतात, तिचा डावा हात धरायला.

"तो नको भाऊ, उजवा धरा," आई म्हणते. मग थांबून डावी बाही थोडी वर सरकवते. "हळूच बोट लावून बघा."

काका दोन बोटं ठेवतात. त्या फुगलेल्या शिरेत रक्त सळसळत असतं, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर गुरगुर जाणवते तसं. काका बोटं लगेच काढत नाहीत.

"सावकाश, वहिनी," एवढंच म्हणतात आणि उजवा हात धरून तिला रिक्षात बसवतात.

मी डब्याला हात घालतो. एकट्याने हलत नाही. पलीकडून काका धरतात. दोघं मिळून तो फरफटत फाटकाच्या आत, भिंतीकडेला नेतो. येताना काका विटकरीचा एक तुकडा उचलतात आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत रस्त्यावर लाल रेघ ओढतात. दहा फूट असेल. जावयांना सांगतात, "एवढं सोडून कुठेही लाव."

"तुझा नंबर दे," ते खिसा चाचपतात. फोन वर राहिलाय. मी त्यांचा नंबर विचारून माझ्या फोनमध्ये घालतो. अठरा वर्षं आमच्या गॅलऱ्या समोरासमोर आहेत आणि हा नंबर माझ्याकडे नव्हता.

रिक्षा सुरू होते. काका आत डोकावतात.

"शुक्रवारीही सव्वासहालाच ना?"

"हो काका," मी म्हणतो.