साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा?

परवा पनवेल एसटी स्टँडसमोर रिक्षा आणि दुचाकीची धडक झाली. बघणाऱ्या चौघांनी चार वेगळे वेग सांगितले. खोटं कुणीच बोलत नव्हतं!

नोकरी सांभाळून मी गुन्हे तपासाचं मानसशास्त्र ऑनलाइन शिकतेय, पदव्युत्तर पातळीवर. लेक झोपली की लॅपटॉप उघडायचा. त्यातला मला सगळ्यात भिडलेला भाग सांगते.

१९७४ मध्ये मानसशास्त्राचे संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना अपघाताचं चित्रण दाखवलं. काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, "आदळून चुराडा झाला" तेव्हा किती? दुसऱ्या गटाने सरासरी ताशी ११ किलोमीटर जास्त सांगितला. पुढच्या प्रयोगात, आठवड्यानंतर, चुराड्याचा प्रश्न ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना फुटलेली काचही "आठवली". चित्रणात ती नव्हतीच.

म्हणून "गाडी लाल होती ना?" असं विचारू नये. "काय पाहिलंत, सावकाश सांगा" म्हणावं आणि मध्ये तोडू नये.

आपल्याकडे २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्यांना मनाई केली. मग नीट विचारण्याचं कौशल्य किती मोलाचं!

नोकरी करत हे शिकायचंय? अभ्यासाबद्दल काहीही विचारा, जमेल तसं नक्की सांगेन.