गुणांपेक्षा फरक बोलतो

‘कसं चाललंय गटाचं?’ असं बचत गटात विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘छान चाललंय ताई!’ अध्यक्ष-सचिव बोलतात, बाकीच्या माना डोलावतात. म्हणून हल्ली मी गटांकडे जाताना चार-पाच प्रश्न लिहून नेते. परीक्षा नव्हे बरं का! प्रत्येकीने आपल्याच गटाला 1 ते 5 गुण द्यायचे.

मैत्रिणींनो, गटाची तपासणी आपल्याला नवी नाही. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या ही पंचसूत्री आपल्याला पाठ असते. कर्ज देण्याआधी बँकही गटाची प्रतवारी बघते. पण ते बाहेरच्यांनी पाहणं झालं. गट आपल्या अनुभवातून काही शिकतो का, हे आतल्या बायकांनाच सांगता येतं. संस्थांनी सतत शिकत राहावं, हा विचार पीटर सेंगे यांच्या 1990 मधल्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या पुस्तकामुळे उद्योगजगतात गाजला. आपल्या वीस रुपयांच्या बचतीलाही तो तितकाच लागू पडतो.

माझे प्रश्न साधे असतात. कर्ज थकलं, तेव्हा ते का थकलं यावर आपण बोललो का? प्रशिक्षणाला गेलेलीने परत येऊन इतरांना शिकवलं का? सचिव महिनाभर गावाला गेली, तर वह्या लिहायला दुसरी कुणी तयार आहे का? लिहिता येत नसेल तर गुणांइतके तुरीचे दाणे कागदाच्या पुडीत बांधायचे. नाव नाही, गाव नाही.

एका गटात वह्यांच्या प्रश्नावर दहा पुड्या उघडल्या. चार पुड्यांत पाच-पाच दाणे, सहांत एकेकच! सरासरी काढली असती तर अडीचच्या आसपास आली असती आणि विषय तिथेच मिटला असता. मी एवढंच विचारलं, ‘इतका फरक का?’ थोडा वेळ सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, ‘माझे पैसे त्या वहीत हाईत, पण वही आतून कशी असती ते म्या बघितलंच न्हाई.’ सचिवबाईंचे डोळे भरून आले. ‘रात्री जागून मी एकटी लिहिते. कुणी हात लावलाय का वहीला?’ दोघींचंही खरंच होतं. त्या दिवशी ठरलं, की दर बैठकीला आळीपाळीने एकीने सचिवांशेजारी बसून नोंदी करायच्या आणि त्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या.

दोन पथ्यं मात्र पाळा. हे गुण बँकेला किंवा साहेबांना दाखवू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्याच पुड्यांत पाच दाणे निघतील! आणि कमी गुण कुणी दिले, हे शोधत बसू नका. एका बैठकीत एकच निर्णय घ्या आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा.

गट चालवायला पैसा लागतो हे खरंच. पण तो टिकवायला एकमेकींना खरं सांगायची सवय लागते. ती लावायला मूठभर तुरीचे दाणे पुरतात.