शरीफसाहेबांचा हुक्का आणि म्हैसूरचा रॉक

दसरा जवळ आला की म्हैसुरात ‘युवा दसरा’ या तरुणांसाठीच्या महोत्सवाच्या रंगमंचावर यंदा कोण गाणार याची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा चित्रपटगायकांच्या नावांपाशी येऊन थांबते. विजयनगरसारख्या वसाहतींतील तरुणांना रॉक, म्हणजे गिटार, बेस आणि ड्रम यांच्या ठसठशीत ठेक्यावर उभे राहणारे समूहसंगीत, आता परके राहिलेले नाही; म्हणूनच या शहराच्या मातीतून निघालेल्या एका अल्बमचे मर्म या निमित्ताने तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या अल्बमचे गायक रघू दीक्षित यांचा जन्म 1974 मध्ये नाशिकला झाला, मात्र त्यांची जडणघडण म्हैसूरची. सूक्ष्मजीवशास्त्राचे उच्च शिक्षण आणि भरतनाट्यमची तालीम घेतलेल्या या कलावंताने आपला ‘अंतराग्नी’ हा बँड विखुरल्यानंतर ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या नावाने, वादक येत-जात राहतील असे खुले व्यासपीठ उभारले. त्याचा पहिला अल्बम 2008 मध्ये विशाल-शेखर या संगीतकार जोडीच्या ध्वनिमुद्रण संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात हिंदी, कन्नड व इंग्रजी अशी एकूण आठ गाणी असून त्यांपैकी दोन गाण्यांचे शब्द एकोणिसाव्या शतकातील आहेत.

हे शब्द संत शिशुनाळ शरीफ (1819-1889) यांचे. आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुविनाळ गावच्या या मुस्लिम कवीने गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूचे शिष्यत्व पत्करले आणि रोजच्या वापरातील वस्तूंतून अध्यात्म सांगणारी तत्त्वपदे रचली. ‘गुडुगुडिया सेदी नोडो’ या पदात हुक्का ओढून पाहण्याचे आवाहन आहे. पण येथे मन हीच पिशवी आहे, तीतून काढून कुटायची भांग मोहाची आहे आणि चिलमीवर ठेवायचा विस्तव बुद्धीचा आहे. दुसऱ्या पदातील घराचे माळवद अज्ञानामुळे गळते आहे. संगीतकार सी. अश्वथ यांनी ही पदे सुगम संगीताद्वारे आणि दिग्दर्शक नागाभरण यांच्या शरीफांवरील 1990 च्या चित्रपटातून कन्नड घराघरांत पोहोचवली होतीच. दीक्षितांनी त्यांना गिटारच्या लयीवर आणि खुल्या, पल्लेदार आवाजावर तोलले. या मांडणीत साज बदलला, तरी पदातील खोडकर उपदेश जसाच्या तसा ऐकू येतो, हे या अल्बमचे खरे यश होय.

ब्रिटनमध्ये 2010 साली जूल्स हॉलंड यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही मंडळी गायली आणि त्यानंतर हा अल्बम तेथील आयट्यून्सच्या जागतिक संगीताच्या यादीत अग्रस्थानी गेला. पुढच्याच वर्षी ‘साँगलाइन्स’ या नियतकालिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कारही मिळाला. फ्रान्सचे गायक मनू चाओ यांची वाटचालही अशीच झाली. बँड फुटल्यावर 1998 मध्ये त्यांनी ‘क्लांदेस्तिनो’ हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला आणि स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषा सहज मिसळत जगभरचे श्रोते मिळवले. श्रोत्याला भाषा कळत नसली तरी गायकाला ती आतून कळलेली असावी लागते, हेच या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मराठी संगीतकारांसाठी यातील बोध थेट आहे. विंचवाच्या दंशातून विकारांचे दर्शन घडवणारी एकनाथांची भारुडे आणि ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची कविता शरीफसाहेबांच्याच जातकुळीची आहे, आणि लोककलावंतांनी तिचा काही भाग आजही गाता ठेवला आहे. मराठी बँडांनी परक्या नमुन्यांची नक्कल सोडून या ठेव्याकडे वळावे, भारूडकारांपाशी बसून त्याची लय शिकून घ्यावी आणि उत्सवांच्या आयोजकांनी त्यांच्यासाठी किमान एक संध्याकाळ राखून ठेवावी.